झाड तोडायचं की वाचवायचं? लोणावळा-मावळात हा सल्ला नेमका कोणाला विचारायचा?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. समजा, तुम्ही मुंबईत किंवा पुण्यात ऑफिसमध्ये आहात आणि लोणावळ्याच्या बंगल्यावरून वॉचमनचा व्हॉट्सॲप मेसेज येतो. फोटोत अंगणातलं जुनं आंब्याचं झाड दिसतंय. खाली लिहिलंय, "साहेब, झाड घराकडे झुकलंय. पावसात पडेल. कटरवाला आलाय, तोडून घेऊ का? पैसे नको म्हणतोय, लाकूड घेऊन जाईल."

अशा मेसेजला पटकन "हो" म्हणून टाकायचा मोह होतो. भीती खरी असते, कटरवाला दारात उभा असतो आणि खर्च शून्य असतो. पण या एका "हो"मध्ये तीन प्रश्न न विचारताच सुटलेले असतात. झाड खरंच पडणार आहे का? हे ठरवलं कोणी? आणि ते तोडायची परवानगी आहे का?

या तीनही प्रश्नांची उत्तरं कशी शोधायची, ते समजून घेऊ.

मावळातली भीती खोटी नाही

लोणावळा-खंडाळ्यात वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाटमाथ्यावर अनेक ठिकाणी मातीचा थर पातळ आहे. त्याखाली मुरूम आणि काळा पाषाण. मुळांना खोल जायला जागा नसली की ती आडवी पसरतात. माती आठवडेच्या आठवडे भिजलेली राहिली की तिची पकड सैल होते, आणि त्यात वाऱ्याचा झोत आला की झाड मुळासकट आडवं होतं.

३ जून २०२० हा दिवस इथे अनेकांच्या लक्षात आहे. रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेलं निसर्ग चक्रीवादळ त्याच दिवशी घाट चढून वर आलं. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या तालुक्यांत झाडं कोसळली, विजेचे खांब वाकले, घरांचे पत्रे उडाले, फुलशेतीच्या पॉलिहाऊसचं नुकसान झालं.

त्यामुळे "झाडाची भीती वाटते" म्हणणाऱ्याला हसून उडवून लावण्यात अर्थ नाही. झाडाखाली माणसं झोपतात, गाड्या उभ्या असतात, पोरं खेळतात. पण भीती खरी आहे म्हणून प्रत्येक झाड धोकादायक ठरत नाही. त्या दोन गोष्टी वेगळ्या करायला माहितगार माणूस लागतो.

फुकट कापणारा खरंच फुकट असतो का?

कटरवाल्याचं गणित साधं आहे. आंबा, जांभूळ, फणस, साग, कोणतंही जुनं झाड घ्या, त्याच्या लाकडाला वखारीत भाव मिळतो. तो तुमच्याकडून पैसे घेत नाही, कारण त्याची मजुरी झाडातच उभी आहे. झाड जितकं मोठं आणि निरोगी, तितकी त्याची कमाई जास्त.

यात त्याला वाईट माणूस ठरवायचं कारण नाही. तो त्याचा धंदा करतोय. पण त्याला "हे झाड ठेवावं का?" असं विचारणं म्हणजे जुनी गाडी भंगारवाल्याला दाखवून "अजून चालेल का?" असं विचारण्यासारखं आहे. झाड ठीक आहे असं तो म्हणाला, तर त्याचा दिवस वाया जातो.

म्हणून या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: सल्ला देणारा आणि लाकूड नेणारा एकच माणूस नसावा. आधी तपासणीचे पैसे द्या, लेखी मत घ्या, आणि मग गरज असेल तरच कापणाऱ्याला बोलवा. ज्या तज्ज्ञाला झाड ठेवलं काय किंवा तोडलं काय, तेवढीच फी मिळणार आहे, त्याच्या मताला वजन असतं.

वृक्षतज्ज्ञ म्हणजे नेमका कोण?

माळी बाग सांभाळतो. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाडाची जात ओळखतात. फळबागेचा सल्लागार उत्पन्न वाढवण्यासाठी छाटणी सांगतो. हे सगळे आपापल्या जागी जाणकार आहेत. पण घराजवळ, रस्त्याकडेला, माणसांच्या वस्तीत उभ्या असलेल्या एका मोठ्या झाडाची तब्येत आणि त्याचा धोका तपासणं हे वेगळं शास्त्र आहे. इंग्रजीत त्याला आर्बोरिकल्चर म्हणतात आणि ते करणाऱ्याला आर्बोरिस्ट. आपण त्याला वृक्षतज्ज्ञ म्हणू.

डॉक्टर किंवा वकिलाला जशी सरकारी नोंदणी लागते, तशी या कामाला आपल्याकडे लागत नाही. म्हणजे कोणीही व्हिजिटिंग कार्डवर "ट्री एक्सपर्ट" छापू शकतो. मग ओळखायचं कसं?

जगभर सर्वांत जास्त मानलं जाणारं प्रमाणपत्र इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या संस्थेचं आहे. ही संस्था १९२४ साली अमेरिकेत सुरू झाली. त्यांचा सर्टिफाइड आर्बोरिस्ट व्हायला साधारण तीन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा त्याला जोड देणारं शिक्षण लागतं, परीक्षा द्यावी लागते, आणि दर तीन वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण करावं लागतं. झाडाच्या धोक्याचं मूल्यमापन करण्यासाठी त्यांची वेगळी पात्रताही आहे. समोरच्याने प्रमाणपत्र दाखवलं तर त्याचा क्रमांक मागा. संस्थेच्या वेबसाइटवर तो खरा आहे का, हे तपासता येतं.

भारतात असे प्रमाणित लोक अजून मोजकेच आहेत आणि त्यातले बहुतेक मोठ्या शहरांत काम करतात. लोणावळ्याची एक सोय अशी की मुंबई आणि पुणे, दोन्हीकडून माणूस एका दिवसात येऊन जाऊ शकतो. प्रमाणित आर्बोरिस्ट मिळालाच नाही, तर वनशास्त्र किंवा उद्यानविद्येची पदवी असलेला आणि मोठ्या झाडांवर प्रत्यक्ष काम केलेला माणूस शोधा. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम आहे, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात उद्यानविद्या शिकवली जाते. अशा ठिकाणी शिकलेले लोक मावळात आणि आसपास काम करताना सापडतात. मात्र पदवी आणि अनुभव, दोन्ही विचारा.

तो येऊन काय बघतो?

चांगला तज्ज्ञ आल्या आल्या वर बघत नाही. आधी खाली बघतो. झाडांचे मोठे अपघात अनेकदा बुंध्याशी आणि मातीखाली सुरू होतात.

बुंध्याशी जमीन फुगली किंवा भेगाळली आहे का? झुकाव जुना आहे की नवा? वर्षानुवर्षं झुकलेलं झाड शेंड्याकडे पुन्हा सरळ वाढत जातं आणि मुळांनी स्वतःला सावरून घेतलेलं असतं. कालपर्यंत सरळ असलेलं झाड आज झुकलं असेल आणि मागच्या बाजूची माती उचलली गेली असेल, तर मात्र ते तातडीचं प्रकरण आहे.

बुंध्यावर फळीसारखी कडक, तपकिरी अळंबी उगवली आहे का? अशी अळंबी दिसली तर आत मुळं किंवा खोड कुजायला लागल्याची शक्यता असते. खोडावर लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकतात. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक सरावलेल्या कानाला कळतो. आंब्याच्या खोडावर भुशासारखा चुरा दिसला तर खोडकिड्याचा संशय घेतात. फांद्यांवर बांडगूळ आहे का, तेही पाहतात. संशय पक्का करायचा असेल तर यंत्रं आहेत: एकात बारीक सुई लाकडात घालून आतला विरोध मोजतात, दुसऱ्यात आवाजाच्या लहरींवरून खोडाच्या आतलं चित्र काढतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ढोली पडलेली म्हणजे झाड संपलं, असं नाही. खोडाचा मधला भाग मृत लाकडाचा असतो. पाणी वाहून नेणारा जिवंत भाग बाहेरच्या थरात असतो. बाहेरचं कवच पुरेसं जाड असेल तर पोकळ झाड अनेक वर्षं उभं राहतं. कवच किती उरलंय, हे मोजावं लागतं.

याच्या उलट गैरसमज जास्त घातक आहे: झाड हिरवंगार आहे म्हणजे धडधाकट आहे. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला रस्त्याने चालणाऱ्या एका महिलेवर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यांचा मृत्यू झाला. ते झाड तोडण्याची परवानगी आधी मागितली होती आणि पाहणीनंतर ती नाकारली गेली होती, हे तेव्हा बातम्यांमधून समोर आलं. जुलै २०२२ मध्ये चंडीगडच्या एका शाळेत वारसा वृक्ष म्हणून जाहीर झालेला जुना पिंपळ कोसळला. एका विद्यार्थिनीचा जीव गेला, अनेक मुली जखमी झाल्या. वारसा वृक्षाची पाटी लावली म्हणून झाडाची तपासणी होत नाही.

शेवटी तज्ज्ञ बघतो ते झाड पडलं तर कशावर पडेल. तेच झाड रिकाम्या माळावर असेल तर धोका जवळपास नाही. बेडरूमच्या छपरावर असेल तर आहे. आणि कधीकधी उपाय झाडाऐवजी खालची गोष्ट हलवणं हा असतो. पार्किंग दुसरीकडे घेतली, झोपाळा बाजूला केला की काम भागतं.

छाटणीत चूक कुठे होते?

तज्ज्ञ बहुतेक वेळा "तोडा" किंवा "हात लावू नका" यापैकी काहीच सांगत नाही. तो मधलं सांगतो: ही वाळलेली फांदी काढा, घरावरच्या या दोन फांद्यांचं वजन कमी करा, बाकी राहू द्या. खरी गंमत पुढे सुरू होते. कारण काम करायला आलेली टोळी म्हणते, "शेंडाच मारून टाकतो, दहा वर्षं बघायला नको."

शेंडा मारणं ही सर्वांत नेहमीची आणि सर्वांत महागडी चूक आहे. वरचा भाग उडवला की झाडाचं अन्न तयार करणारी पानं एकदम जातात. घाबरलेलं झाड कापलेल्या टोकांवरून भराभर नवे फुटवे काढतं. हे फुटवे खोडात खोलवर रुजलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात. दोन-चार वर्षांत ते जाड होतात आणि वादळात निखळून पडतात. त्याच वेळी कापलेल्या मोठ्या तोंडातून पाणी आणि बुरशी आत शिरते. म्हणजे धोका कमी करायला केलेलं काम धोका वाढवून ठेवतं. मावळाच्या दमट हवेत बुरशीला आणखी काय हवं?

झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. अमेरिकेच्या वन विभागातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो झाडं उभी चिरून हे दाखवून दिलं. झाड कुजलेला भाग आतल्या आत भिंती घालून वेगळा पाडतं आणि त्याच्यावरून नवीन लाकूड वाढवतं. जखम आतच राहते, फक्त बंद होते. म्हणून घाव लहान आणि योग्य जागी हवा.

योग्य जागा कोणती? फांदी खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर कड दिसते. घाव त्या कडेच्या लगेच बाहेर हवा. खोडाला घासून कापलं तर झाडाचं संरक्षणच कापलं जातं, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. जड फांदी तीन घावांत काढतात: पहिला खोडापासून थोडा दूर, खालून अर्धवट. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी पडली की उरलेला खुंट तिसऱ्या घावाने कडेपाशी. एकाच घावात कापायला गेलं तर फांदी खाली येताना बुंध्यापर्यंत साल सोलून काढते.

घावाला डांबर किंवा ऑइलपेंट फासण्याची पद्धत जुनी आहे. त्याने कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडू शकते. फळबागेत बोर्डो पेस्ट लावतात ती वेगळी गोष्ट, आणि ती कुठे लावायची हे तज्ज्ञाला विचारून ठरवा. ढोलीत सिमेंट भरणंही आता चुकीचं मानलं जातं. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही.

बंगला बांधताना मारलेलं झाड पाच वर्षांनी पडतं

लोणावळ्यात आणि पवना धरणाच्या परिसरात बांधकामं जोरात आहेत. "आम्ही झाड तोडलं नाही, झाड ठेवून बंगला बांधला," असं अभिमानाने सांगितलं जातं. पण झाडाची अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात, आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. स्विमिंग पूलसाठी चर खोदला, उतार सपाट करायला बुंध्याभोवती तीन फूट मुरूम ओतला, जेसीबी आणि ट्रक झाडाखालून फिरवले, की मुळं तुटतात किंवा गुदमरतात.

त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. झाड साठवलेल्या अन्नावर काही वर्षं काढतं. मग शेंडा वाळायला लागतो आणि एका पावसाळ्यात ते पडतं. तेव्हा दोष पावसाला दिला जातो.

पेव्हर ब्लॉक थेट बुंध्यापर्यंत बसवणं हाही त्यातलाच प्रकार. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतल्या यंत्रणांना झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तुमच्या अंगणात हे करायला आदेशाची गरज नाही. एक मीटर हे किमान समजा, जमेल तेवढं मोठं आळं मोकळं ठेवा, पालापाचोळा जाळण्याऐवजी तिथेच पसरा, पण बुंध्याला चिकटवू नका.

म्हणून वृक्षतज्ज्ञाला बोलवायची सर्वांत चांगली वेळ म्हणजे बांधकामाचा नकाशा कागदावर असताना. त्या वेळी खोली दहा फूट सरकवणं सोपं असतं.

झाड माझं, मग परवानगी कशाला?

महाराष्ट्रात झाड तुमच्या जागेत असलं तरी ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. कोणता कायदा लागू होतो हे जागेवर ठरतं.

लोणावळा आणि तळेगाव दाभाडे नगरपरिषद, वडगाव नगरपंचायत अशा नागरी भागांत १९७५ चा झाडांच्या संरक्षण व जतनाचा कायदा लागू होतो. अर्ज नगरपरिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. या कायद्यात "झाड तोडणं" या शब्दांत झाड जाळणं आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. त्यामुळे "तोडलं नाही, फक्त बोडकं केलं" ही पळवाट चालेलच असं नाही. मोठी छाटणीही विचारूनच करा. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांसाठी वारसा वृक्ष ही संकल्पना आणली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अटही. चाळीस वर्षांचं झाड तोडलं तर चाळीस रोपं, असा हिशोब.

गावांच्या हद्दीत, जिथे हा नागरी कायदा नाही, तिथे १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. त्याच्या यादीत १६ प्रकारची झाडं आहेत. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, ऐन, साग, खैर, मोह, चंदन ही त्यातली ओळखीची नावं. ही तोडायची तर आधी वन किंवा महसूल खात्याकडे चौकशी करा. लाकूड गाडीत भरून हलवायलाही अनेक प्रजातींसाठी वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो. मावळात काही खासगी जमिनींच्या सातबाऱ्यावर वन म्हणून नोंद असते, तीही आधी बघून घ्या.

झाड वाळलेलं, रोगट किंवा जिवाला धोका ठरणारं असेल तर परवानगीचा रस्ता कायद्यातच आहे. तिथे तज्ज्ञाचा फोटोसह लेखी अहवाल कामाला येतो. आणि फांद्यांमध्ये पक्ष्यांची घरटी असतील तर थांबा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा घरट्यांनाही लागू होऊ शकतो.

काम देण्याआधी हे प्रश्न विचारा

१. तुमचं शिक्षण किंवा प्रमाणपत्र कोणतं? क्रमांक द्याल का?

२. याआधी कुठे काम केलंत? दोन-तीन वर्षांपूर्वी छाटलेलं झाड आज कसं दिसतं, ते दाखवाल का?

३. अहवाल लेखी मिळेल का? त्यात काय दिसलं, काय करायचं आणि पुन्हा कधी तपासायचं हे असेल का?

४. लाकूड कोणाचं? उत्तर "आमचं" असेल तर फीचं गणित पुन्हा मांडा.

५. वर चढणाऱ्या माणसांकडे हेल्मेट, दोर आणि हार्नेस आहे का? त्यांचा विमा आहे का? तुमच्या अंगणात माणूस पडला तर प्रश्न तुमचाही असतो.

६. परवानगी कोण काढणार? "परवानगीची गरज नाही, आम्ही बघून घेतो" असं उत्तर आलं तर तिथेच नमस्कार करा.

७. शेंडा मारणार का? "हो" म्हणाला तर दुसरा माणूस शोधा.

तारांजवळची फांदी असेल तर या यादीच्याही आधी महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवा. वीज चालू असताना तिथे कोणालाही चढवू नका.

खर्च परवडत नसेल तर?

गावातल्या घरामागच्या एका फणसासाठी मुंबईहून तज्ज्ञ बोलावणं प्रत्येकाला जमणार नाही. सोसायटीतले किंवा गल्लीतले चार-पाच जण मिळून एका दिवसासाठी तज्ज्ञ बोलावला तर प्रवासाचा खर्च वाटला जातो. तेही शक्य नसेल तर निदान दरवर्षी दिवाळीनंतर आणि होळीच्या सुमारास झाडाचे ठरलेल्या चार जागांवरून फोटो काढून ठेवा. झुकाव वाढतोय का, अळंबी नवीन आहे का, शेंडा वाळतोय का, हे जुना फोटो शेजारी ठेवला की कोणालाही दिसतं. पुढे कधी तज्ज्ञ आला तर हेच फोटो त्याला सर्वांत जास्त उपयोगी पडतील.

आणि वेळ पाळा. पावसाच्या तोंडावर सगळ्यांनाच घाई असते, चांगला माणूस मिळत नाही आणि परवानगीलाही वेळ लागतो. तपासणी हिवाळ्यात झाली तर अर्ज आणि छाटणी उन्हाळ्यात शांतपणे होते.

आता त्या मेसेजकडे परत येऊ. वॉचमनला उत्तर काय द्यायचं? "कटरवाल्याला थांबव. झुकाव नवीन आहे का सांग. बुंध्याजवळची माती उचलली आहे का ते बघ आणि जवळून फोटो पाठव. तोपर्यंत त्या बाजूच्या खोलीत कोणी झोपू नका."

माती उचललेली दिसली तर लगेच नगरपरिषदेला फोन करा. नसेल, तर तुमच्याकडे तज्ज्ञ शोधायला आठवडाभर आहे. झाडाला एवढं व्हायला पन्नास वर्षं लागली असतील. त्याला आठवडाभराची मुदत द्यायला हरकत नसावी.